तुझा डबा तांदळात सुखरूप आहे

मु. पो. डिंगोरे

रा. रा. सयाजीराव यांस, दाजी सोपान याचा मनापासून रामराम.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचं बीपी आता कसं आहे? सकाळची गोळी चुकवत नाही ना? प्रयागबाईंचा गुडघा जिना चढताना अजून धरतो का? (त्यांना म्हणावं, तुमच्या नणंदेनं निरगुडीचा पाला वाळवून ठेवलाय, घोडेगावकडं कोणी येणार असेल तर धाडते.) आईंना कानातलं यंत्र मानवलं का? की अजून ते रुमालात बांधून उशाशी ठेवतात आणि आपण मोठ्यानं बोललो की "मी काय बहिरी हाये का, वरडतूस कशाला" म्हणतात? म्हशीच्या सडाची सूज उतरली का? आणि तुमचं बीपी कसं आहे? हे दुसऱ्यांदा विचारलं ते विसरून नव्हे. गोळी घेतली नसेल तर आधी घ्या, भिंतीला पाठ टेकून बसा आणि मगच पुढं वाचा.

(पत्रभर "तुम्ही" लिहायचं ठरवलं होतं, कारण काम नाजूक आहे. पण तुझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या खांद्यावर बसून लाडू खाल्लेल्या पोराला अहोजाहो करताना हात अडखळतो. आता "तू"च लिहितो, मान मनात धर.) फोन का केला नाही, असं तू म्हणशील. फोनवर माझ्या तोंडून दोन वाक्यं निघाली की तू विचारतोस, "दाजी, माझा डबा कसा हाये?" पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. सगळं क्रमानं सांगतो. डब्याचंही येईल. घाई करू नको.

मूळ कारण तुला ठाऊकच आहे. आमच्या सूरजच्या लग्नात आमचे व्याही चिमाजीराव यांनी डिंभ्याच्या पुढच्या त्यांच्या गावाहून हौसेनं सनई-चौघडा आणला होता. चिमाजीराव म्हणजे कानाचा माणूस. भाताची खाचरं आणि सनई, या दोन गोष्टींवाचून त्यांचं तिसरं काही नाही. आणि आमच्या पोरांनी नेमका त्याच वेळी डीजे लावला. ते डबे की काय ते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घराएवढे रचलेले. सनईवाला वाजवतोय हे त्याचे गाल फुगलेले दिसले म्हणून कळलं, आवाज म्हणून काही पोचला नाही. मी पोरांना हात जोडले, पण हात जोडलेलेही त्या आवाजात कोणाला दिसेनात. व्याही उठले, भर मांडवात म्हणाले, "या घरचं पानीसुद्दा माझ्या घशाखाली जायचं न्हाई," आणि न जेवता निघून गेले. तेव्हापासून पोरीला सोडायला येतात ते रस्त्यापर्यंतच. जीपचं इंजिनही बंद करत नाहीत. आमची सून श्रेया फाटकाशी पिशवी घेऊन उभी राहते आणि जीप वळणाआड जाईपर्यंत आत येत नाही. मी हे ओसरीवरून बघतो आणि सुपारी कातरायचं सोंग करतो.

आता तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाई नारायणगावच्या आहेत, त्या म्हणाल्या, इतक्या लांब डोंगरात जाऊ नका. म्हणजे नातवंड जन्मायचं ते आमच्याकडं, आणि त्याच्या आज्यानं या घरचं पाणी सोडलेलं. डोहाळजेवणाची तारीख ठरली तेव्हा पोरगी तुझ्या बहिणीला एवढंच म्हणाली, "आई, आबा आत येतील का हो?" सारजानं माझ्याकडं बघितलं. तुझ्या बहिणीचं बघणं तुला माहीत आहे.

मी विचार केला, हा माणूस ज्या कानांनी रुसलाय त्याच कानांतून त्याला मनवला पाहिजे. म्हणून तर तुझ्याकडून ही यंत्रावर गाणं नीट लावायची विद्या घ्यायला लागलो. तुला वाटलं, दाजींना म्हातारपणी छंद लागला. छंद कसला, मला सनई वाजवायची होती, आणि ती अशी की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यावा.

शिकत गेलो तसं शहाणा होत गेलो. (म्हणजे घरातले मला येडा समजत गेले.) पहिल्यांदा फोनवरून ब्लूटूथनं वाजवलं. तूच म्हणालास ना, की त्यात गाणं दाबून, पिळून पाठवतात, रस तिथंच राहतो आणि चोथा इकडं येतो? ते पटलं. मग तुझ्या सांगण्यावरून ते न पिळलेलं गाणं पुरवणारं ॲप घेतलं, जुन्या स्पीकरांना घडवंच्यांवर बसवलं, आणि त्यांच्यामध्ये आणि माझ्या खुर्चीत चुलीच्या तीन दगडांसारखं अंतर राखलं. जुन्या घराच्या भिंती उघड्या, आवाज आपटून परत येई, म्हणून सारजाच्या गोधड्या टांगल्या. गाण्यातला ढोल घुमायला लागला की थांबेना, म्हणून कोपऱ्यांत कांद्याच्या गोण्या उभ्या केल्या. सयाजी, कांद्यानं ढोल सुधारतो! हे तू धाडलेल्या व्हिडिओंत कोणी सांगितलेलं नाही. विहिरीची मोटर चालू झाली की स्पीकर गुरगुरायचा, त्यासाठी अर्थिंगचा खड्डा नव्यानं खणून मीठ-कोळसा भरला. आणि शेवटी तू तुझा डॅकचा डबा आणून दिलास, जो आलेले आकडे घेऊन त्यांचा पुन्हा आवाज करतो. परदेशातून तुझ्या लेकानं पाठवलेला. देताना तू म्हणालास, दाजी, उन्हात ठेवू नका, धुळीत ठेवू नका, त्यावर चहाचा कप ठेवू नका. मी तिन्ही पाळलं. पाण्याबद्दल तू काही बोलला नव्हतास, एवढं फक्त नमूद करून ठेवतो.

पण खरी अडचण होती नेटची. इंटरनेटची वायर रस्त्यालगतच्या सूरजच्या नव्या घरात आलेली. माझं गाण्याचं जुनं घर शेतात आत. मध्ये ऊस. ऊस कमरेएवढा होता तोवर वायफाय बिनतक्रार येत होतं. ऊस छातीला लागला, गाणं अडखळायला लागलं. ऊस डोक्यावर गेला आणि गाणं बसलं. आधी मला वाटलं डब्याचा दोष आहे. (माफ कर.) मग ध्यानात आलं की वारा सुटून ऊस वाकला की सनई येते आणि वारा पडला की जाते. त्या पाल्यात पाणी भरलेलं, ते वायफाय पिऊन टाकतं. नारायणगावचा इंटरनेटवाला ऋतिक आला, उसाकडं बघून म्हणाला, "आज्जा, ऊस तोडा, नेट येईल." साखर कारखान्याची तोडणीची चिठ्ठी यायला अवकाश आणि डोहाळजेवण तोंडावर. मी वायफाय लांबवणारं यंत्र आणून ते उसातल्या बुजगावण्याच्या मडक्यात बसवलं. दोन दिवस बरं चाललं. मग उसातून बिबट्याचं गुरगुरणं ऐकू आलं, म्हणून ते बघायला जाणं बंद झालं, आणि त्याची बॅटरी संपली ती संपलीच. बुजगावणं अजून तिथं आहे, यंत्रासकट. बिबट्याला रेंज असेल.

म्हणजे वायरच ओढायची. पण उघडी वायर शेतात टाकली तर उंदीर खातात, उन्हानं तडकते, खुरप्यानं तुटते. आणि मला ती कल्पना सुचली. (तू अजून बसलेला आहेस ना?) टोमॅटोच्या कडेला ठिबकची एक कोरी लॅटरल नळी पडलेली होती, थेंब सोडणारे ड्रीपर न लावलेली, धड, सलग, सरळ जुन्या घराच्या भिंतीपर्यंत जाणारी. मी म्हटलं, नळीपेक्षा चांगला अंगरखा वायरला कुठला? नळीच्या तोंडाला माती होती, म्हणून हातभर पुढं चीर पाडून तिथून वायर आत सारली, चीर टेपनं गच्च गुंडाळली, आणि जुन्या घराच्या भिंतीला भोक पाडून नळीचं दुसरं टोक टेबलामागं काढलं. तुझ्या डब्याच्या बरोबर वर. दुसरीकडं नळीचं पहिलं तोंड पाणी सोडणाऱ्या मोठ्या पाइपाशी मोकळंच पडलेलं. त्या पाइपाला तिथं फाटा होता, त्याला मी बूच मारलं. झालं! वायरनं सनई अशी आली की सारजा भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, "ह्यो माणूस दम घेतोय का मधी?" मी म्हटलं, घेतोय. माझे डोळे भरून आले. जिंकलो, असं वाटलं.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. बायका नव्या घरात, श्रेया हिरव्या साडीत, अंगभर फुलांचे दागिने, आणि नजर सारखी खिडकीतून रस्त्याकडं. जीप आली. विहीणबाई उतरल्या, बाकीच्या बायका उतरल्या. व्याही स्टेअरिंगवर बसून राहिले. शेजारी त्यांची घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. मी गेलो. पाणी विचारायची सोय नाही, चहा विचारायची सोय नाही, नुसतं उभं राहून काय बोलायचं? म्हटलं, "व्याहीबुवा, काही खाऊपिऊ घालत नाही, घाबरू नका. जुन्या घरात सनई लावलीय. ऐकायची असली तर ऐका." ते समोर बघत राहिले. मी उलटा फिरलो आणि चालू लागलो. मागं जीपचं दार वाजलं. सयाजी, वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. काळवीट आलंय आणि आपण हाललो तर पळेल, तसा मी मान ताठ ठेवून चालत राहिलो. ते मागून आपल्या चालीनं, हात पाठीमागं बांधून, टोमॅटो बघत येत होते. मी पुढं जाऊन डबा सुरू केला, खुर्ची नेमक्या जागी सरकवली. ते आले, बाटली मांडीवर घेऊन बसले. सूरज भिंतीला चिकटून उभा. थोड्या वेळानं ओटी उरकून सारजा आणि श्रेयाही दारात येऊन थांबल्या. बापलेकींची नजर भेटली आणि दोघांनी ती लगेच काढून घेतली.

सनई सुरू झाली. व्याह्यांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू विरघळायला लागली, मी ती एकेक रेघ जाताना बघत होतो. बाटलीवरची पकड सैल झाली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "दम घेतोय त्यो बी कळतंय." पुन्हा म्हणाले, "आन मागं पानी वाहतंय. घाटावं बसून वाजिवलंय का वं हे?" मी कान दिला. खरंच, बारीक कुळकुळ येत होती. माझी छाती फुगली. इतक्या वेळा ऐकलं पण हे पाणी माझ्या कानी कधी आलं नव्हतं, आणि या माणसाच्या कानानं ते धरलं! मी म्हटलं, "असणारच. चांगल्या सेटवर असं सगळं दिसतं." (सयाजी, त्या क्षणाइतका खूश आणि त्या क्षणाइतका मठ्ठ मी आयुष्यात कधी नव्हतो.)

तेवढ्यात शेतीची लाइट आलेली होती आणि मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटोनं आपलं काम केलेलं होतं, हे मला काय माहीत? कुळकुळ वाढली. व्याही आणखी पुढं झुकले, तोंड "वा" म्हणायला उघडलं, आणि टेबलामागच्या नळीनं आधी फुस्स करून वारा सोडला, मग गढूळ गुळणी टाकली तुझ्या डब्यावर, आणि मग जी पिचकारी मारली ती डब्यावरून थेट व्याह्यांच्या उघड्या तोंडात. सनई बंद. खोलीत नुसतं पाणी. मी झेप घेऊन मेन स्विच पाडला, सूरज मोटर बंद करायला पळाला, आणि माझ्या तोंडून, भरल्या घरात, व्याह्यांसमोर, तार सप्तकात निघालं, "कोन्या गाढवानं लॅटरल जोडली रं?"

मी सूरज गेलेल्या दाराकडं बघितलं, मग सारजाकडं, ती व्याह्यांकडं बघत होती. व्याही आपल्या हाताकडं बघत होते. अंगठ्याला ओला चिखल आणि नळीची काळी रेघ.

आता तूच सांग. तू असतास तर? टोमॅटोच्या कडेनं चालताना मोकळ्या तोंडाची लॅटरल दिसली, शेजारी बूच मारलेला फाटा दिसला, तर आपल्यातला कोण शेतकरी तसाच पुढं जाईल? हात आपला आपण जातो. ते येता येता वाकले होते, बूच उपटलं, नळी दाबून बसवली आणि कोणाच्यातरी पिकाचं भलं केल्याच्या समाधानात पुढं चालू लागले होते. आणि मी त्यांना गाढव म्हटलं. रुसलेल्या व्याह्याला, मुलीच्या डोहाळजेवणाला, माझ्या घरात. श्रेयाचा चेहरा पांढरा पडला.

व्याह्यांनी तोंडावरचं पाणी हातानं निपटलं आणि जड आवाजात म्हणाले, "गाढव हितंच बसलंय, पावनं."

अशा वेळी तुझी बहीण पुढं झाली. टॉवेल हातात, आणि पंचांसारखी समोर उभी राहून विचारते काय, "व्याहीबुवा, खरं सांगा. गिळलं का थुकलं?"

ते म्हणाले, "आँ?"

"पानी वं! घशाखाली गेलं का न्हाई?"

चिमाजीरावांनी खूप वेळ विचार केला. खोटं बोलणारा माणूस नाही तो. शेवटी म्हणाले, "गेलं."

"आमच्याच हिरीचं हाय," सारजा म्हणाली. "आता जेवायला काय हरकत?"

आधी श्रेया हसली. पोट धरून, दाराची चौकट धरून, फुलांच्या बांगड्या तुटेपर्यंत हसली. मग तिला बघून ते हसले, आधी नुसते खांदे, मग सगळा माणूस. हसता हसता तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला. मी कांद्याच्या गोणीवर बसलो. जेवले, सयाजी! मांडे मागून घेतले. स्वतःची बाटली माझ्या टोमॅटोत रिकामी करून आमच्या हंड्यातून भरून घेतली. निघताना जीप वळणावर थांबली, दोनदा हॉर्न वाजला, आणि श्रेया फाटकातून आत आली ती गुणगुणतच.

आता तुझा डबा. जेवण झाल्यावर व्याह्यांनी तो आपल्या उपरण्यानं पुसला, कानाशी धरून हलवला (आत पाणी बोललं), आणि म्हणाले, माझ्या हातून बुडालाय, मीच वाळवणार. तांदळानं ओल ओढून घेतो, आणि त्यांच्याकडं इंद्रायणीची कणगी भरलेली आहे. तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन गेले. तेव्हा डबा सुखरूप आहे. उन्हात नाही, धुळीत नाही आणि कपही कोणी ठेवणार नाही.

प्रयागबाईंना नमस्कार, आईंना दंडवत. पत्र मिळाल्याचं कळव.

तुझा,
दाजी सोपान

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. डबा बरा झाला का ते बघायला व्याही दर रविवारी तो घेऊन इथं येतात. आम्ही लावून बघतो, तो घरघरतो, ते म्हणतात अजून ओल आहे, जेवतात, लेकीशी बोलत बसतात आणि परत नेतात. जाता-येता घोडेगावात ते तुला गाठतील आणि विचारतील, असा डबा वाळायला किती दिवस लागतात? तू त्यातला जाणता. तर सांग की बारशापर्यंत तरी लागतात. त्याआधी उघडला तर बिघडतो म्हणावं. एवढं माझ्यासाठी कर. आणि तोवर तू डबा मागू नको.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात श्रेया आली. आत्ता तिनं आबांना फोन केला होता. मागं सनई चालू होती. ते म्हणाले, रेडिओ आहे. श्रेया मला म्हणते, रेडिओतला सनईवाला दम घेत नाही, दादा. म्हणजे डबा केव्हाच वाळलाय आणि व्याही घरी एकटेच ऐकतायत. मग रविवारी इथं घरघरतो तो का? श्रेया म्हणते, आबा येताना त्याची पिन अर्धी ढिली करून आणतात, तिनं बघितलंय. तिनं हे कोणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय. मी फक्त तुला सांगतोय.

तेव्हा उत्तर लवकर लिही, पण त्यात डब्याचा शब्दही काढू नको. आलेली पत्रं श्रेया मोठ्यानं वाचून दाखवते, आणि तिनं ते रविवारी वाचलं तर ऐकायला व्याही इथंच असतील.